अमेरिकी लष्करातली बदली: कायझर्सलाउटर्नला बिऱ्हाड मांडताना

शमीची_शेंग
नवरा अमेरिकी लष्करात, नागरिकत्व झालेलं. मी ग्रीन कार्डवर, पासपोर्ट भारतीय. मुलगी ६ वर्षांची, तिचा पासपोर्ट अमेरिकी. तीन वर्षांसाठी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला बदली, निघायला साधारण पाच महिने. प्रश्न असे: भारतीय पासपोर्टमुळे काय अडेल? घर तळावर घ्यावं की गावात? मिक्सर, वेट ग्राइंडर न्यायचे का? पुण्यातल्या कंपनीचं माझं काम तिथून चालू ठेवता येईल का? अनुभवकथन नको, कागद आणि आकडे हवेत. कृपया क्रमाने सांगा.

उंबरठा
क्रमाने सांगायचं तर पहिल्या पायरीवर मिक्सर नाही, ऑर्डर्स आहेत. नवऱ्याच्या ऑर्डर्सवर, म्हणजे बदलीच्या लेखी हुकुमावर, तुमचं आणि मुलीचं नाव छापलेलं आहे का, ते आज बघा. त्याला कमांड स्पॉन्सरशिप म्हणतात, आणि तुमचं तिकीट, घरभाडं, मुलीची शाळेतली जागा, ट्रायकेअर ओव्हरसीज प्राइम हा लष्कराचा परदेशातला आरोग्य विमा, सगळं तिथेच लटकलेलं असतं. नाव नसताना स्वतःच्या तिकिटाने मागून गेलात तर शाळेत जागा शिल्लक असेल तरच प्रवेश मिळतो आणि घरभाड्याचा दर कुटुंबाचा धरत नाहीत.

नाव चढण्याआधी कुटुंबाची वैद्यकीय तपासणी होते. लष्करात त्यासाठी डीए ५८८८ हा फॉर्म आहे. कुणाला कायमचा आजार, थेरपी किंवा शाळेत विशेष मदत लागत असेल तर डीडी २७९२ आणि २७९२-१ भरावे लागतात. इथे लोक दोन चुका करतात. एक, मुलाचा दमा किंवा वाचा-उपचार लिहीतच नाहीत, म्हणजे परवानगी लवकर मिळेल. मग तिथे गेल्यावर तज्ज्ञ नसतो आणि कुटुंबाला मुदतीआधी परत पाठवायची वेळ येते. दोन, बाहेरच्या डॉक्टरकडचे कागद तपासणीच्या दिवशी हातात नसतात, आणि एका लसीच्या नोंदीसाठी फाइल तीन आठवडे पडून राहते. मुलीचं लसीकरणाचं पान भारतातलं असेल तर ते आत्ताच अमेरिकी डॉक्टरकडून नोंदवून घ्या.

डीअर्समध्ये, म्हणजे लष्करी कुटुंबांच्या नोंदवहीत, तुमचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर-न-अक्षर जुळतंय ना, तेही पाहा. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘दिलेल्या नावा’त घुसलेलं असतं, आणि तिकडे फक्त पहिलं नाव. ही आपल्याकडची नेहमीची रड आहे.

पाटपाणी
पासपोर्टचं मी सांगते. तुमच्या घरात तीन जणांचे तीन वेगळे रस्ते आहेत.

मुलगी: तिला विनाशुल्क पासपोर्ट लागेल. डीडी १०५६ हे अधिकारपत्र लष्कराच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळतं, सोबत डीएस-११ हा पासपोर्टचा अर्ज. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडील दोघांनी समक्ष जायचं. एक जण सरावावर असेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र. हा पासपोर्ट सरकारी प्रवासापुरता. सुट्टीत इटली किंवा भारत फिरायचं तर नेहमीचा निळा पासपोर्टही जिवंत ठेवा. तिचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असेल तर ते निळ्या पासपोर्टशी जोडलेलं असतं. मुंबईला उतरताना विनाशुल्क पासपोर्ट पुढे करायचा नाही.

नवरा: लष्करी ओळखपत्र आणि ऑर्डर्स यांवर जाऊ शकतो, पण त्यानेही निळा पासपोर्ट घ्यावा.

तुम्ही: अमेरिकी विनाशुल्क पासपोर्ट तुम्हाला मिळत नाही, तुम्ही भारतीय पासपोर्टवरच जाणार. पासपोर्टची मुदत पूर्ण तीन वर्षं आणि वर सहा महिने पुरेल असं बघा. पुरत नसेल तर अमेरिकेतच नवा करून घ्या. जर्मनीत ऱ्हाइनलँड-फाल्त्स हे राज्य फ्रँकफर्टच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं. काम तिथे होतं, पण त्यात ऑर्डर्सच्या तारखा गुंतलेल्या नकोत.

नाटोचा सोफा करार, म्हणजे परदेशात असलेल्या सैन्याचा दर्जा ठरवणारा करार, १९५१ चा, आणि जर्मनीपुरता पूरक करार १९५९ चा. पूरक कराराच्या कलम ६ नुसार सैनिक आणि त्यांचे आश्रित यांना जर्मनीतली रहिवासी नोंदणी आणि परदेशी नागरिकांचे नियम लागू होत नाहीत. म्हणजे राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नाव नोंदवायचं नाही, निवास परवाना काढायचा नाही. पासपोर्टमध्ये सोफाचा दाखला लागतो, तोच तुमचा आधार.

आता मेख. हा दाखला जर्मनीपुरता आहे. फ्रान्सची हद्द कायझर्सलाउटर्नपासून तासाभराच्या आत आहे, आणि रविवारी दुपारी सहज गाडी तिकडे वळते. भारतीय पासपोर्टवर सोफाच्या दाखल्याला शेंगेन व्हिसा समजू नका. तसंच जाताना तिकीट पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे घेऊ नका, कारण शेंगेनमधला प्रवेश तिथे होतो आणि तिथल्या अधिकाऱ्याला तुमचा जर्मनीतला दर्जा दाखवत बसावं लागतं. बाल्टिमोरहून थेट रामश्टाइनच्या तळावर उतरणारं लष्करी विमान पेट्रियट एक्स्प्रेस किंवा थेट फ्रँकफर्ट, दोन्हींपैकी एक. तुमच्या पासपोर्टवर प्रवेशासाठी व्हिसा लागेल का, हे पासपोर्ट कार्यालय आणि जर्मन वाणिज्य दूतावास यांच्याकडून लेखी घ्या. फोनवरचं ‘डोन्ट वरी मॅम’ विमानतळावर दाखवता येत नाही.

दुर्वांकुर
ग्रीन कार्डबद्दल कुणी बोललं नाही, आणि यात पैसे-वेळ सगळ्यात जास्त वाचतो. परदेशात राहिल्याने नागरिकत्वाचा काळ तुटेल या भीतीने बायका अमेरिकेत मागे राहतात. त्याची गरज नाही. स्थलांतर कायद्यातलं कलम ३१९ (ई) २००८ पासून लागू आहे: सैनिकाचा जोडीदार अधिकृत ऑर्डर्सवर परदेशात सोबत राहत असेल तर ते दिवस अमेरिकेतलेच दिवस धरले जातात. अट एकच, ऑर्डर्सनुसार सोबत राहण्याची परवानगी. म्हणजे उंबरठा म्हणाले तेच, नाव छापलेलं हवं.

नागरिकत्वाचा अर्ज एन-४००, सोबत डीडी १२७८ हे परदेशी नेमणुकीचं प्रमाणपत्र आणि ऑर्डर्सची प्रत. बाहेरून अर्ज करताना बायोमेट्रिकचं बोलावणं येत नाही, तर एफडी-२५८ या कार्डावर ठसे आणि दोन फोटो पाठवायचे असतात. ठशांच्या कार्डावर घामट बोटांमुळे रेषा पुसट उठतात आणि कार्ड परत येतं. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, दोन कार्डं करून घ्या.

ग्रीन कार्ड दोन वर्षांचं सशर्त असेल तर आय-७५१ ची, म्हणजे अट काढण्याच्या अर्जाची, तारीख कॅलेंडरवर लाल करा. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून भरायचं, परदेशात असलात तरी. त्यालाही ठसे, फोटो, ऑर्डर्स जोडायच्या.

आणि एक: अमेरिकी नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट रद्द करून घेऊन ओसीआय करायचं. तीन वर्षांच्या मधोमध हे आलं तर सोफाचा दाखलाही नव्या पासपोर्टवर पुन्हा घ्यावा लागतो. भारताचं तिकीट काढून ठेवलेल्या महिन्यात शपथ घेऊ नका.

घाटावरचा
घराबद्दल. आधी तात्पुरतं राहणं: पोहोचल्यावर टीएलए, म्हणजे तात्पुरत्या राहण्याचा भत्ता, मिळतो, साधारण ६० दिवसांपर्यंत, दहा-दहा दिवसांचे हिशेब देऊन. घर शोधत आहात याची नोंद द्यावी लागते. यादी रिकामी ठेवली की पुढचे दहा दिवस अडतात.

तळाबाहेर घर घेतलं तर ओएचए, म्हणजे परदेशातला घरभत्ता. अमेरिकेतल्या बीएएच या घरभत्त्याची सवय मोडा. तिथे स्वस्त घर घेतलं की उरलेले पैसे तुमचे. इथे प्रत्यक्ष भाडं किंवा कमाल मर्यादा, यांत जे कमी ते मिळतं. काटकसर करून हाती काही उरत नाही. वीज-पाणी-देखभालीसाठी वेगळी ठरावीक रक्कम, आणि आत जातानाच्या खर्चासाठी एकदाच मिळणारा मीहा. डीडी २३६७ वर भाडेकरार उतरतो, त्यावर हाउसिंग ऑफिसची सही झाल्याशिवाय घरमालकाला होकार देऊ नका. करार त्यांच्या द्विभाषिक नमुन्यावरच करा. त्यात बदलीच्या ऑर्डर्स आल्यावर लवकर घर सोडण्याचं कलम असतं. नुसत्या जर्मन करारात मुदत तीन महिन्यांची, आणि लष्कर तीन महिने आधी सांगेलच असं नाही.

काल्टमीटे म्हणजे नुसत्या घराचं कोरडं भाडं, त्यावर नेबेनकोस्टेन, म्हणजे इतर खर्च. अनामत कमाल तीन महिन्यांचं कोरडं भाडं, आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. बहुतेक घरमालक हे सांगत नाहीत. जर्मन घरात स्वयंपाकघर नसतं म्हणजे शब्दशः नसतं: भिंत, नळाचे पाइप आणि शेगडीची वायर. दिव्यांच्या जागी छतातून दोन तारा लोंबतात. कपाटं तर नाहीतच. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द शोधा, म्हणजे ओटा-शेगडी आहे. कपाटं, फ्रिज, वॉशिंग मशीन लष्कराच्या फर्निशिंग विभागाकडून वापरायला मिळतात. त्यामुळे मोठी कपाटं अमेरिकेतून नेऊन वजनाची मर्यादा खाऊ नका.

सामान दोन हप्त्यांत जातं. छोटा हप्ता आधी पोहोचतो, मोठ्याला दोन महिने आणि वर धरा. छोट्या हप्त्यात कुकर, पोळपाट-लाटणं, तवा, अंथरूण, मुलीची पुस्तकं. लोक टीव्ही टाकतात आणि मग दोन महिने पॅनमध्ये भात शिजवतात.

कोयरी
घाटावरचा, तळावरच्या घरांबद्दल काहीच नाही? फोगेलवे, रामश्टाइन, लांडश्टुल तिन्हीकडे घरं आहेत. भाडं नाही, विजेचं बिल नाही, शाळा दारात. सहा वर्षांच्या मुलीला तेच बरं. गावात घर घेऊन हीटिंगचं बिल, बर्फ झाडणं, पायऱ्या पुसायची पाळी, हे सगळं कशाला गळ्यात घ्यायचं?

घाटावरचा
मिळालं तर उत्तम, पण रांग असते. ‘मिळेल’ म्हणून टीएलएचे साठ दिवस घालवू नका, दोन्ही रस्ते एकदम चालवा. गावात मुलगी सहा महिन्यांत जर्मन बोलायला लागते, एवढं बोलून माझा पक्ष सोडतो.

मापटं
विजेबद्दल चुकीचं ऐकून फार उपकरणं जळतात, म्हणून सविस्तर.

अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे भारतात घेतलेला मिक्सर जर्मनीत जसाच्या तसा चालतो, फक्त पिन बदलते. अमेरिकेत घेतलेला ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर मात्र ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला की दोन सेकंदांत धूर.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मिक्सरमध्ये कार्बन ब्रश असलेली मोटर असते, तिला हर्ट्झचं सोयरसुतक नाही. ५५० वॉटच्या मिक्सरला कागदावर ७५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, पण ओलं खोबरं आणि भिजलेली डाळ भरून सुरू करताना मोटर जास्त खेचते. १००० ते १५०० घ्या. वेट ग्राइंडरमध्ये इंडक्शन मोटर असते. ६० हर्ट्झची मोटर ५० वर सहाव्या भागाने हळू फिरते आणि तापते. इडलीच्या पिठाचे चाळीस मिनिटांचे दोन घाणे काढले की वेटोळं करपतं. अमेरिकेतला वेट ग्राइंडर विकून टाका, भारतातून मागवा किंवा तिथेच घ्या. मायक्रोवेव्हचंही तसंच, आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर गुणगुणतो आणि तापतो. मोटरवर चालणारी घड्याळं तासाला दहा मिनिटं मागे पडतात.

आणखी एक सापळा: तळावरच्या बऱ्याच घरांत ११० व्होल्टचे पॉइंट असतात. तिथे व्होल्ट अमेरिकी असले तरी हर्ट्झ जर्मनच. वेट ग्राइंडर तिथेही लावायचा नाही.

लॅपटॉप, फोन, कॅमेरा यांच्या ॲडॅप्टरवर ‘१००–२४०’ छापलेलं असेल तर नुसता पिन बदलणारा खुंटा पुरे. भारतीय तीन गोल पिनांचा प्लग जर्मन शुको सॉकेटमध्ये बसत नाही. बाजारातले स्वस्त खुंटे अर्थिंग जोडत नाहीत, आणि स्टीलच्या भांड्याच्या ग्राइंडरला अर्थिंग नसणं म्हणजे ओल्या हाताला आमंत्रण. प्लग कापून शुको प्लग बसवून घ्या: तपकिरी आणि निळी दोन पिनांना, हिरवी-पिवळी बाजूच्या पत्तीला. जुन्या भारतीय वायरीत लाल, काळी, हिरवी असते, हिरवी अर्थिंगची.

ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही वीज खातो. भिंतीवरून बंद करा.

दुर्वांकुर
मापटं, शेगडीचं पण लिहा ना.

मापटं
शेगडी दोन प्रकारची, वरून सारखीच काळी काच. एक सेरान, तिच्यावर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं. दुसरी इंडक्शन, तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर म्हणजे नुसतं बीप-बीप. घर बघायला जाताना खिशात लोहचुंबक नेऊन उपयोग नाही, शेगडीवर ‘इंडुक्त्सिओन’ लिहिलंय का ते वाचा. चुंबक आपल्या भांड्यांना लावायचा. बिडाचा तवा दोन्हीवर चालतो, पण काचेवर ओढायचा नाही, उचलायचा. फुलके फुगवायला आच नाही, सेरानवर जाळी ठेवून होतात.

पाटपाणी
फोडणी आणि बुरशी हा स्वतंत्र विषय आहे बरं का. जर्मन घरं हवाबंद असतात. शिटीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, आंघोळ, सगळी वाफ थंड भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळे ठिपके येतात. घर सोडताना घरमालक म्हणतो, तुम्ही हवा खेळती ठेवली नाही, आणि अनामत त्यात जाते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं चूक. भिंत गार पडते आणि बुरशी वाढते. दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं, त्या वेळी हीटर बंद. याला श्टोसल्युफ्टेन म्हणतात आणि काही करारांत ते चक्क कलम असतं. बाहेरच्या भिंतीपासून कपाट पाच-दहा सेंटिमीटर पुढे. आर्द्रता मोजायचं दहा-पंधरा युरोचं यंत्र घ्या, ६० टक्क्यांवर काटा गेला की खिडकी.

ओट्यावरचा पंखा हवा बाहेर टाकतो की कोळशाच्या गाळणीतून परत आत सोडतो, हे घर बघतानाच विचारा. दुसऱ्या प्रकारात हिंगाचा वास पडद्यांना बसतो तो बसतोच.

उंबरठा
ताबा घेताना युबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे हस्तांतराची नोंद. भिंतीतली भोकं, फरशीचे ओरखडे, नळाची गळती, किल्ल्या किती, मीटरचे आकडे. किल्ल्यांचं गांभीर्याने घ्या: इमारतीची एकच कुलूपयोजना असते, एक किल्ली हरवली तर सगळ्या दारांची कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. त्यासाठी खाजगी दायित्व विमा, जर्मन नाव हाफ्टफ्लिश्ट, काढा; किल्ली हरवण्याचं कलम त्यात आहे का ते विचारून.

बँकेत, मोबाइलच्या दुकानात रहिवासी नोंदणीचा कागद मागतील. तो तुमच्याकडे नसणार, कारण कलम ६. पासपोर्टमधला सोफाचा दाखला आणि भाडेकरार दाखवायचा. काउंटरवरच्या मुलाला कळलं नाही तर वाद घालू नका, तळाजवळच्या शाखेत जा, तिथे रोज हेच गिऱ्हाईक असतं. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र पेटीत पडलं तर फेकू नका. सोफाचा दर्जा आहे असं उत्तर पाठवायचं, म्हणजे स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं येत नाहीत. इंटरनेटचा करार बहुधा २४ महिन्यांचा, त्यानंतर डिसेंबर २०२१ पासून महिन्याच्या सूचनेवर सोडता येतो.

व्हॅट फॉर्म: जर्मन दुकानात १९ टक्के कर वाचतो, पण फॉर्म खरेदीआधी हातात हवा. आधी पैसे भरून मागाहून फॉर्म आणला तर दुकानदाराने नाकारणं बरोबरच आहे. फर्निचर, टायर, मोठी दुरुस्ती यांसाठी वापरा.

घाटावरचा
गाडी. सरकारी खर्चाने एकच जाते. कर्ज बाकी असेल तर बँकेचं संमतीपत्र, रिकॉलची कामं केलेली, टाकीत पाव किंवा कमी इंधन. भलामोठा पिकअप नेऊ नका. गावातल्या गल्ल्या आणि तळघरातलं पार्किंग बघितलं की का ते कळेल.

परवान्यासाठी अमेरिकी राज्याचा चालू परवाना आणि लष्कराची लेखी परीक्षा. लोक खुणा पाठ करतात आणि एका नियमावर घसरतात: चौकात काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी. छोट्या गल्लीतून आलेला असला तरी. अमेरिकी डोळ्याला तो रस्ता ‘बाजूचा’ वाटतो, म्हणून गावांतल्या अपघातांत हे हमखास. पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला की हक्क तुमचा. तोच काळ्या रेघांनी खोडलेला दिसला की संपला.

ऑटोबानवर उजवीकडून ओव्हरटेक नाही. गर्दी थांबली की डावी रांग डावीकडे, बाकी उजवीकडे, मधोमध रुग्णवाहिकेला वाट; गर्दी साचायला लागतानाच, सायरन ऐकून नाही. बर्फ-चिखलात हिवाळी टायर सक्तीचे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात, नुसतं ‘एम अधिक एस’ नाही. अमेरिकेतून आलेल्या गाड्यांवर हेच नुसतं लिहिलेले टायर बरेच असतात. गाडीत त्रिकोण, चमकदार जाकीट, प्रथमोपचार पेटी. शहरांत हिरवं पर्यावरण स्टिकर. निळ्या पार्किंग चकतीवर पोहोचल्याची वेळ पुढच्या अर्ध्या तासावर लावायची: २.१० ला आलात तर २.३०.

शमीची_शेंग
खूपच उपयोगी. आई-बाबा पुण्याहून येऊन राहू शकतील का? आणि येताना खाऊ?

कोयरी
ते तुमच्या सोफात येत नाहीत. साधा शेंगेन व्हिसा: १८० दिवसांत ९० दिवस, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि १५ दिवसांच्या आत चालत नाही. आमंत्रणपत्रासोबत नवऱ्याच्या ऑर्डर्स, तुमच्या सोफाच्या दाखल्याची प्रत आणि भाडेकरार जोडा, कारण तुमच्याकडे जर्मन निवास परवाना नाही आणि अर्ज तपासणारा तोच शोधतो. तळावर नेताना पाहुण्यांची आधी नोंद करावी लागते. कमिसरीतलं, म्हणजे तळावरच्या किराणा दुकानातलं, करमुक्त सामान त्यांना किंवा जर्मन शेजाऱ्यांना देणं-विकणं म्हणजे सीमाशुल्काचा गुन्हा. घरी जेवू घालायला हरकत नाही.

खाऊ: युरोपबाहेरून मांस आणि दूध यांचे पदार्थ सामानात आणायला बंदी. तूप, खवा, पनीर गेलं. ताजी फळं-पानं आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाहीत, म्हणजे हापूसची पेटी आणि कढीपत्ता दोन्ही अडतात. केळी, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन यांना सूट आहे. म्हणजे बाबांना नारळ आणता येतो, आंबा नाही. गोडा मसाला, भाजणी, चकल्या बिनधास्त.

एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर गावाचं किंवा जर्मनीचं नाव लिहायचं नाही, ते अमेरिकी टपाल आहे. खाजगी कुरियर एपीओला पोचवत नाहीत.

दुर्वांकुर
तूप तिथेच करा, जर्मन लोणी छान आहे. आणि चक्का बांधत बसू नका. डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेला क्वार्क कुठल्याही दुकानात मिळतो. ५०० ग्रॅम क्वार्क फडक्यात दोन तास टांगायचा, २०० ग्रॅम पिठीसाखर, केशर, वेलची. चाळणीतून काढलं की श्रीखंड. बिनफॅटचा मागरक्वार्क घेतला तर खडबडीत लागतं.

पोळ्यांसाठी पीठ: पुड्यावरचा टाइप क्रमांक म्हणजे शंभर ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम राख. ४०५ म्हणजे मैदा. १०५० आणि बारीक होलमील गहू निम्मे-निम्मे, पाणी जरा जास्त, अर्धा तास झाकून. डिंकेल हा गव्हाचाच वेगळा प्रकार आहे, त्याच्या पोळ्या तुटतात.

मापटं
श्रीखंडात विषय गेला की धागा संपला असं समजायचं नाही, तिच्या कामाचा प्रश्न राहिलाय.

उंबरठा
हो. जर्मनीत बसून केलेलं काम हे जर्मनीत केलेलं काम, मग कंपनी पुण्याची असो. सोफाच्या कलम १० मधली करसवलत सैनिकाला लष्कराने दिलेल्या पगाराला आहे. पुण्याहून येणाऱ्या पगाराला ती आपोआप लागत नाही. पोहोचण्याआधी तळाच्या कायदा कार्यालयाला लेखी विचारा, आणि कंपनीकडून ‘जर्मनीतून काम करायला संमती’ असं पत्र घ्या. बऱ्याच कंपन्या इथेच माघार घेतात, कारण त्यांच्यावर तिथल्या कराचा आणि सामाजिक विम्याचा प्रश्न येतो. गुपचूप व्हीपीएन लावून चालवणं हा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. नवऱ्याच्या नोकरीपर्यंत झळ जाते. पर्याय तळावरच्या सरकारी जागा, तिथे सैनिकांच्या जोडीदारांना प्राधान्य आहे. भारतातून येणाऱ्या जोडीदारांची अडचण पदवीची असते, त्यामुळे पदवीचं अमेरिकी मूल्यांकन निघण्याआधी करून ठेवा.

भारतातली खाती, मुदत ठेवी मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरायचा. ग्रीन कार्डलाही लागू, जर्मनीत राहिल्याने सुटत नाही.

शमीची_शेंग
घाटावरचा, एक घर बघितलंय ऑनलाइन, वाइलरबाखजवळ, स्वतंत्र. जाहिरातीत ‘ओलहाइत्सुंग’ आहे. चालेल?

घाटावरचा
तेलाची हीटिंग. तळघरात टाकी असते आणि ती भरणं बहुधा तुमच्याकडे. ताबा घेताना टाकीच्या काट्याचा फोटो काढा, लिटर नोंदीत लिहून घ्या. सोडताना तेवढंच परत ठेवायचं असतं. लिटरमागे साधारण दहा युनिट उष्णता. जुन्या, भिंतींना आवरण नसलेल्या घराला वर्षाला दोन-तीन हजार लिटर लागतात, आणि ते पैसे एकदम द्यावे लागतात, महिन्याच्या हप्त्यांत नाही. घरमालकाकडून मागच्या दोन वर्षांच्या तेलाच्या पावत्या आणि घराचा ऊर्जा दाखला मागा. दाखल्यावर जी किंवा एच अक्षर असेल तर दुसरं घर बघा. टाकी कधीही तळाला जाऊ देऊ नका, गाळ ओढून बर्नर बंद पडतो, आणि तो बंद पडतो नेमका जानेवारीतल्या शनिवारी रात्री.